दोन बोटं वर लागलेली सुई

माझी ताई भांडुपला पोळ्या लाटून देते. दोन पोळी-भाजी केंद्रं आणि काही घरगुती डबे मिळून रोजच्या दीडशे-दोनशे पोळ्या. दोन वर्षांपूर्वी जुलैत गॅलरीतला गंजका पत्रा तिच्या डाव्या तळहाताला लागला. जखम लहानच होती, पण गंज आणि पावसाचं पाणी म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लावलं. ताई जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात गेली, केसपेपर काढला, रांगेत बसली. डाव्या हाताला पट्टी, म्हणून सुई उजव्या दंडात. ब्लाउजची बाही घट्ट होती, वर सरकेना. सिस्टरनी गळ्याकडून ब्लाउज थोडा खाली ओढला आणि जेवढा खांदा उघडा झाला तिथे सुई टोचली. ताई स्टुलावर बसलेली, सिस्टर उभ्या. मागे चाळीस-पन्नास माणसं.

जखम आठवड्यात भरली. खांदा मात्र त्याच रात्रीपासून ठणकायला लागला. इंजेक्शनची जागा दोन दिवस दुखते हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. चौथ्या दिवशी अंबाडा घालायला हात मागे जाईना. पंधरा दिवसांनी लोकलमधली वरची कडी धरता येईना. नाक्यावरचे डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर आहे, चाळिशीनंतर बायकांना होतंच. बामाची बाटली, गरम पाण्याची पिशवी, गोळ्या. पोळ्या दोनशेच्या ऐंशीवर आल्या, मग चाळीसवर, मग एका केंद्राने दुसरी बाई बघितली.

धनुर्वाताचं इंजेक्शन म्हणजे लसच, आणि या इजेला वैद्यकशास्त्रात नाव आहे. लस देताना झालेली खांद्याची इजा, इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सिर्वा'. स्नायूत द्यायची लस दंडाच्या जाड स्नायूत, म्हणजे डेल्टॉइडमध्ये जायला हवी. जागा मोजायची रीत साधी आहे: खांद्याच्या टोकाचं हाड हाताला लागतं, त्याच्या दोन-तीन बोटं खाली. सुई त्याहून वर लागली तर ती स्नायूऐवजी हाडाखालच्या पातळ पिशवीत, बर्सात, किंवा थेट सांध्यापाशी जाऊ शकते. लसीचं कामच शरीराची प्रतिकारशक्ती जागी करण्याचं. ती स्नायूत जागी झाली तर दोन दिवसांचा ठणका, आणि सांध्यापाशी जागी झाली तर तिथे सूज येते आणि महिनोन् महिने उतरत नाही. लस चांगली असते, साठवणही चांगली असते, चुकते फक्त जागा. हे व्हायला ताईच्या दवाखान्यात जे घडलं तेवढं पुरतं: गळ्याकडून ओढलेला कपडा, बसलेला रुग्ण, उभा टोचणारा.

मी लसीच्या बाजूची आहे, हे आधीच स्पष्ट सांगते. मुंबईत राहणाऱ्या माणसाने दुसरं काही असावं असं मला वाटत नाही. १८०२ च्या जूनमध्ये भारतातली देवीची पहिली लस याच शहरात अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी इथेच तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताईनेही धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं ते योग्यच केलं, आणि उद्या पुन्हा पत्रा लागला तर मीच तिला घेऊन जाईन. प्रश्न एवढाच आहे की सगळ्यांच्या भल्यासाठी चाललेल्या कामात एखाद्या माणसाचा खांदा गेला, तर त्या खांद्याचा खर्च कुणी सोसायचा?

आज तो ताईने सोसला. फिजिओथेरपीचे एका वेळचे चारशे रुपये, एमआरआयचे साडेपाच हजार, स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, आणि बुडालेली कमाई, जिची पावती कुठेच मिळत नाही.

भरपाई मागता येते का, म्हणून आम्ही ओळखीच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी तासभर शांतपणे समजावलं, आणि तो तास माझ्या मनातून जात नाही. पहिली वाट ग्राहक आयोगाची. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात ठरवलं. पण त्याच निकालात असंही आहे की जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत मिळते ती जागा या कायद्याच्या बाहेर, आणि नावापुरती नोंदणी फी घेतली म्हणून ती आत येत नाही. म्हणजे ताईने तीच सुई एखाद्या खासगी रुग्णालयात पैसे मोजून घेतली असती, तर तिला दोन वर्षांच्या मुदतीत आयोगाकडे जाता आलं असतं. पालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढून घेतली, म्हणून ती ग्राहक नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्या खांद्याला एक दार जास्त. हे मला पटत नाही आणि कुणी पटवूनही देऊ शकणार नाही.

दुसरी वाट दिवाणी दाव्याची. तिथे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याचं कलम ५२७ उभं आहे. कायद्याखालच्या कामाबद्दल पालिकेवर दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यायची, महिनाभर थांबायचं, आणि घटना घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. सहा महिने ऐकायला पुष्कळ वाटतात. पण ही इजा कशी चालते ते बघा. पहिला महिना 'दुखतंच इंजेक्शन' म्हणण्यात जातो. पुढचे दोन 'वय झालं' म्हणण्यात. मग कुणीतरी फिजिओथेरपी सांगतं, तिचा गुण यायची वाट बघण्यात आणखी दोन. खांदा खरंच बिघडलाय आणि तो सुईने बिघडलाय, हे कळेपर्यंत कायद्याचं घड्याळ संपत आलेलं असतं.

आणि वेळेत दावा लावला तरी सिद्ध काय करायचं? निष्काळजीपणा. म्हणजे त्या दुपारी, त्या स्टुलाशेजारी, त्या विशिष्ट सिस्टरनी सर्वसाधारण कौशल्याची पातळी पाळली नाही, हे. त्यासाठी तज्ज्ञाचं मत लागतं, साक्षीपुरावा लागतो, नाव लागतं. केसपेपरवर सिस्टरचं नाव नाही.

नाव ताईला ठाऊक होतं. वस्तीतल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्याच सिस्टरनी तिच्या दोन्ही मुलांना लसी दिल्या, कोविडच्या काळात घरोघर फिरल्या. वकीलबाईंनी विचारलं तेव्हा ताईने मान हलवली. घरी येताना रिक्षात म्हणाली, "तिच्या पोटावर पाय देऊन मला खांदा नको." मी तिच्याशी वाद घातला, आणि आता वाटतं की तिला जे कळलं होतं ते मला कळलं नव्हतं. आपल्या कायद्याने तिच्यापुढे दोनच पर्याय ठेवले होते: एका ओळखीच्या बाईला दोषी ठरवून पैसे मिळवायचे, नाहीतर गप्प बसायचं. अशा वेळी भली माणसं गप्प बसतात. त्या सिस्टरना दिवसाला किती सुया टोचाव्या लागतात, त्यांना खुर्ची दिलेली आहे का, आडोसा आहे का, उंच हाडापासून बोटं मोजायचं प्रशिक्षण शेवटचं कधी झालं, हे प्रश्न त्या खटल्यात आलेच नसते. सगळं ओझं एका बाईच्या एका दुपारवर पडलं असतं.

म्हणूनच मला अमेरिकेतल्या व्यवस्थेबद्दल लिहावंसं वाटतं. तिचं सगळं चांगलं आहे म्हणून नव्हे, तर तिने प्रश्नच बदलला म्हणून. १९७० आणि ८० च्या दशकांत तिथे लहान मुलांच्या त्रिगुणी लसीवरून एवढे दावे झाले की कंपन्या लस बनवणं सोडू लागल्या. १९८६ साली तिथल्या संसदेने कायदा केला आणि १९८८ पासून लसइजा भरपाई योजना सुरू झाली. लसीच्या प्रत्येक डोसवर, ती ज्या आजारापासून वाचवते त्या दर आजारामागे ७५ सेंटचा कर बसतो आणि तो एका निधीत जातो. इजा झालेला माणूस एका खास न्यायालयात अर्ज करतो. समोर प्रतिवादी म्हणून नर्स नसते, डॉक्टर नसतो, कंपनीही नसते, देशाचा आरोग्यमंत्री असतो. वकिलाची वाजवी फी निधीतून वेगळी दिली जाते, त्यामुळे गरीब माणसाला वकील मिळतो. आजवर या निधीतून पाच अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वाटली गेली आहे.

कुठल्या इजा भरपाईला पात्र, याचा त्या योजनेत एक तक्ता आहे. २०१७ साली त्यात खांद्याची ही इजा रीतसर दाखल झाली. अटी अशा: लस घेण्याआधी त्या खांद्याला दुखणं नव्हतं, लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत दुखू लागलं, दुखणं आणि हालचालीची अडचण त्याच खांद्यापुरती आहे, आणि त्याचा उलगडा करणारा दुसरा आजार नाही. शिवाय त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा, किंवा त्यासाठी रुग्णालयात राहून शस्त्रक्रिया झालेली हवी. एवढं जुळलं की इजा लसीकरणाचीच, असं कायदा गृहीत धरतो. नाही म्हणायचं असेल तर ते सरकारने सिद्ध करायचं. अर्ज करायला पहिल्या लक्षणापासून तीन वर्षं. अलीकडे तिथे येणाऱ्या अर्जांत सुमारे निम्मे खांद्याचेच असतात.

या अटी मी ताईला वाचून दाखवल्या. प्रत्येक अटीला ती "हो" म्हणाली.

त्या व्यवस्थेत भोकंही आहेत. वेदनेबद्दलच्या भरपाईची कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, आणि ती १९८६ मध्ये ठरलेली. कोविडच्या लसी या योजनेत आल्या नाहीत. त्यांच्यासाठी एक वेगळी, जास्त कंजूष योजना आहे, तिथे मुदत वर्षाचीच आणि वेदनेची भरपाई नाही. म्हणजे एकाच दंडात, एकाच औषधाच्या दुकानात, फ्लूची सुई चुकली तर एक न्याय आणि कोविडची चुकली तर दुसरा. आपण काही करायला घेतलं तर ही चूक पहिल्यापासून टाळावी.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप मी डॉक्टरांकडूनच ऐकला. खांदे तसेही दुखतात. मधुमेह असलेल्यांचे तर फार आखडतात, आणि मुंबईत घरटी एकाला मधुमेह. उद्या प्रत्येक आखडलेला खांदा लसीच्या नावावर लागेल. भीती खरी आहे, पण तिचं उत्तर अटींत आहे. ४८ तासांची अट, एकाच बाजूची अट, आधी दुखत नसल्याची अट. मधुमेहाचा खांदा हळूहळू आखडतो, तारीख सांगता येत नाही. सुईचा खांदा तारीख सांगतो, कित्येकदा वेळही. शिवाय सूज कुठे आहे ते एमआरआयवर बघता येतं. लसीच्या इतर कितीतरी कथित दुष्परिणामांबद्दल शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं वाद घालतात. खांद्याचं तसं नाही. भरपाईची सुरुवात कुठून करायची असेल तर इथूनच करावी, असं मला वाटतं ते यासाठी.

दुसरा आक्षेप: ही लसीची इजाच नाही, टोचणाऱ्याची चूक आहे, मग लसीच्या निधीतून पैसे का? अमेरिकेच्या आरोग्य खात्याने २०२० साली नेमकं हेच म्हणत ही इजा तक्त्यातून काढायचा प्रस्ताव आणला, २०२१ च्या जानेवारीत तसा नियमही केला आणि एप्रिलमध्ये तो मागे घेतला. मागे घेतला ते बरं झालं. लसीकरण म्हणजे नुसती बाटली नव्हे. बाटली, सुई, रांग, खुर्ची आणि दमलेला हात, हे सगळं मिळून लसीकरण. आपल्याकडेही लसीकरणानंतरच्या त्रासांचा तपास करणाऱ्या समित्या आहेत, आणि त्यांच्या वर्गवारीत 'लस देण्यातील चूक' हा स्वतंत्र वर्ग आहे. म्हणजे असं घडतं हे सरकारला मान्य आहे. गंभीर त्रासाचा तपास होतो, वर्ग ठरतो, आणि कागद तिथेच थांबतो. माणसाच्या हाती काही पडत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो: भरपाई दिली तर लोक लसीला घाबरतील. मी उलट बघितलंय. ताईच्या चाळीत तिचा खांदा सगळ्यांनी पाहिला. तिची कुणी चौकशी केली नाही, दवाखान्याने विचारलं नाही, डॉक्टरांनी वयावर घातलं. त्या गप्प बसण्यातूनच "इंजेक्शनने हात जातो" ही कुजबुज सुरू झाली, आणि खालच्या मजल्यावरच्या गरोदर मुलीने धनुर्वाताची सुई दोन वेळा टाळली. दवाखान्यातून एक माणूस येऊन म्हणाला असता की हो, जागा चुकली, उपचार आमच्याकडे, ही रक्कम, तर ती मुलगी घाबरली नसती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं होतं. कोविडच्या लसीनंतर आपल्या मुली गमावलेल्या पालकांच्या याचिकेवरचं. लस घेणं ऐच्छिक होतं, राज्याला थेट जबाबदार धरता येणार नाही, कुणाला इजा झाली असेल तर दिवाणी न्यायालयाची वाट मोकळी आहे, असा त्याचा सूर होता. ती वाट कशी मोकळी आहे ते मी वर लिहिलं. त्या पालकांच्या दुःखाशी ताईच्या खांद्याची तुलना मी करणार नाही. पण वाट दोघांनाही तीच दाखवली गेली, आणि रोजच्या लसींसाठी, धनुर्वात, फ्लू, कावीळ, कुत्रा चावल्यावरची, ठरलेल्या भरपाईचा कायदा आपल्याकडे नाही.

दोष न शोधता भरपाई देणं आपल्याला परकं आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. गिरणगावाने ते शंभर वर्षांपूर्वी पाहिलं. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात कुठल्या अवयवाला कमाईची किती टक्के हानी धरायची याचं परिशिष्टच होतं. हात खांद्याच्या सांध्यातून तुटला तर ९० टक्के. साच्यावरच्या कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नव्हता, काम करताना अपघात झाला एवढं पुरे होतं. लोकलचं तर प्रत्येक मुंबईकराला ठाऊक आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ प्रमाणे गाडीतून पडून प्रवासी जखमी झाला वा मेला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. मृत्यूची रक्कम आठ लाख. आत्महत्या, नशा असे अपवाद आहेत, पण गर्दीत दारात उभा राहिलास म्हणजे तुझीच चूक, असं म्हणून रेल्वेला सुटता येत नाही. औषधांच्या चाचणीत भाग घेणाऱ्याला इजा झाली तर २०१९ च्या नियमांत भरपाईचं सूत्र आहे. आणि नसबंदीचं उदाहरण तर अगदी शेजारचं. सरकारचाच आरोग्य कार्यक्रम, सरकारीच दवाखाना. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्यासाठी विम्याची योजना आली. शस्त्रक्रिया फसली, गुंतागुंत झाली, मृत्यू झाला, तर ठरलेली रक्कम मिळते आणि डॉक्टरलाही संरक्षण मिळतं. नसबंदीला जे लागू, ते लसीला का नाही, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

पैशाचा प्रश्न मला फार मोठा वाटत नाही. कोविडच्या मोहिमेत देशात २२० कोटींहून जास्त डोस दिले गेले. डोसमागे एक रुपया बाजूला काढला असता तर २२० कोटी रुपये जमले असते.

दोषाचा शोध माणसाला कुठे नेतो, हे याच शहराने एकदा फार जवळून पाहिलंय. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावात हाफकिन यांची प्लेगची लस दिली गेली आणि एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. चौकशी बसली. मुंबईच्या प्रयोगशाळेत खोट आहे असं ठरवून हाफकिन यांना बाजूला सारलं गेलं. बाटली मुंबईत दूषित झाली नव्हती, ती गावात उघडताना झाली होती, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. निर्दोष माणसाचं नाव धुऊन निघालं, आणि परळच्या त्या संस्थेला पुढे १९२५ मध्ये त्यांचंच नाव मिळालं. हे योग्यच झालं. पण त्या सगळ्या वादाबद्दल वाचताना माझं मन त्या १९ जणांवर अडकतं. हाफकिन यांच्याबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली, ते मात्र एक आकडा म्हणून उरले. चूक मुंबईची ठरो की मुल्कोवालची, त्यांच्या घरची चूल दोन्ही वेळा तशीच विझलेली.

कायदा व्हायला वेळ लागेल हे मला कळतं. तोवर दोन गोष्टी पालिकेला उद्याच करता येतील. लहान मुलांच्या लसीकरणाच्या कार्डावर तारीख असते, लसीचं नाव असतं. मोठ्या माणसाच्या केसपेपरवरही चार गोष्टी लिहाव्यात: लसीचा बॅच क्रमांक, किती वाजता, कुठल्या दंडात, कुणी. यात सिस्टरना पकडण्याचा हेतू नाही. ४८ तास मोजायचे तर सुरुवातीची वेळ कुठेतरी लिहिलेली हवी, आणि दुखरा खांदा सुईचाच आहे हे सांगायला दंड लिहिलेला हवा. दुसरं, टोचणाऱ्यांना बसायला खुर्ची आणि बायकांसाठी पडदा. पडदा असता तर ताईने ब्लाउजची बाही मोकळी करून दंड नीट उघडा केला असता. पन्नास माणसांसमोर कोण करणार?

ताईचा हात आता कानापर्यंत जातो. पोळ्या साठ-सत्तर होतात, बाकीच्या तिची मुलगी कॉलेजला जाण्याआधी लाटते. एमआरआयचा अहवाल डिसेंबरच्या शेवटी हातात आला, त्यात खांद्याच्या हाडाखालच्या पिशवीला सूज असल्याचं स्वच्छ लिहिलंय. वकीलबाईंकडे आम्ही पोचलो ते मार्चमध्ये. सहा महिने जानेवारीतच संपले होते. फाइल तिने कपाटात जपून ठेवली आहे, सगळी बिलं तारखेप्रमाणे लावलेली. सगळ्यात वर तो जुलैचा केसपेपर. त्यावर शाईने एक ओळ आहे, 'इंज. टीडी', आणि एक सही, जी वाचता येत नाही. कुठल्या दंडात, ते लिहिलेलं नाही.